जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर: फाशी देण्याआधी साक्ष घ्या

ॲव्हरेज घसरलं, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास यायला लागला, 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला, की गॅरेजमध्ये पहिलं नाव निघतं ते 'ओटू सेन्सर'चं. माझ्या २००८च्या वॅगनआरचंही तेच झालं. लिटरला पंधरा देणारी गाडी अकरावर आली. गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, बिल दिलं, आणि तीन आठवड्यांनी पाहतो तर गाडी अकरावरच. शेवटी सापडलं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं, गॅस्केट; एका कोपऱ्यात फुटलेलं. सेन्सर बिचारा जे दिसत होतं तेच सांगत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोराचा खर्चही माझाच.

म्हणून या लेखाचा निम्मा भाग पाना हातात घेण्याआधीचा आहे. तो ओलांडून थेट 'सेन्सर कसा काढायचा' इथे गेलात तरी हरकत नाही, पण मग वरच्यासारखं बिल भरायची तयारी ठेवा.

हा सेन्सर नेमकं करतो काय

इंजिनमधून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे हा सेन्सर पाहतो. आत झिर्कोनियाची सिरॅमिक टोपी असते. टोपीच्या आतल्या बाजूला बाहेरची ताजी हवा, बाहेरच्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकं व्होल्टेज. म्हणजे ही एक छोटीशी बॅटरीच आहे, फक्त ती सुमारे ३५० अंश सेल्सियसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. ती लवकर तापावी म्हणून बहुतेक सेन्सरांत विजेवर चालणारा छोटा हीटर असतो. बॉशने बनवलेला असा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला आणि जुन्या गाड्यांतला सेन्सर अजून त्याच तत्त्वावर चालतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं की सेन्सर ०.८-०.९ व्होल्ट देतो, कमी झालं की ०.१ च्या आसपास. मधला ०.४५ हा उंबरठा. स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगायचं तर हा आमटी चाखून फक्त 'खारट' किंवा 'अळणी' एवढंच म्हणतो. किती खारट, ते सांगत नाही. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्याच्या शब्दावर पेट्रोल थोडं कमी-जास्त करत राहतो आणि सेन्सर पुन्हा पुन्हा 'खारट-अळणी-खारट' करत राहतो. हे सतत वर-खाली होणं हीच निरोगी सेन्सरची खूण. एका जागी थिजलेला आकडा दिसला तर शंका घ्यायची.

कार्बोरेटरवाल्या गाडीत बहुधा हे प्रकरणच नसतं. आपल्याकडे एमपीएफआय, म्हणजे ईसीयूच्या हुकमावर पेट्रोल फवारणारी इंजिनं सर्रास झाली ती २००० च्या आसपास, बीएस-२ या प्रदूषण नियमांबरोबर. शिसंयुक्त पेट्रोलही त्याच सुमारास बंद झालं. हे बरंच झालं, कारण शिसं या सेन्सरलाही मारतं आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटालिटिक कन्व्हर्टरलाही. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा एकच सेन्सर असतो, कन्व्हर्टरच्या आधी. २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः ओळखून नोंदवायची पद्धत लागू झाली, तेव्हापासूनच्या गाड्यांत कन्व्हर्टरच्या मागे दुसरा असतो. पेट्रोलचं प्रमाण मुख्यतः पुढचा ठरवतो. मागचा कन्व्हर्टरवर पहारा ठेवतो. ॲव्हरेज घसरलं म्हणून कोणी मागचा बदलायला सांगितला तर आधी कारण विचारा.

आधी बाकीचे संशयित

स्कॅनर लावता येत असेल तर लावा. २०१० आधीच्या बऱ्याच गाड्यांना स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल ओळखतच नाही, त्यांना कंपनीचे प्रोटोकॉल समजणारा गॅरेजचा स्कॅनर लागतो. ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड मिळाला तर तो नीट वाचा. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट. इथे सेन्सर दोषी असू शकतो, पण आधी फ्यूज बघा. कित्येकदा प्रकरण तिथेच मिटतं. पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय. हा कोड आणि जास्त वय असं जुळलं तर सेन्सर बदलण्यात अर्थ आहे. पी०१३४ म्हणजे सेन्सरकडून हालचालच नाही, यात वायर तुटलेली असण्याची शक्यता तितकीच. आणि पी०१७१ म्हणजे 'मिश्रणात पेट्रोल कमी'. हा कोड पाहून सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फोडणं.

पी०१७१ आला किंवा ॲव्हरेज पडलं, की मी हा क्रम धरतो.

सकाळी गाडी गार असताना स्टार्ट करून बोनेट उघडा आणि मॅनिफोल्डजवळ कान द्या. बारीक 'फट-फट' किंवा 'टिक-टिक' आवाज येतो का? इंजिन तापल्यावर धातू फुगून भेग बंद होते आणि आवाज गायब होतो, म्हणून गारच हवं. जोडांवर काजळीचे ओघळ दिसले तर गळती पक्की. सेन्सरच्या आधी गळती असेल तर धुराच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर 'अळणी' म्हणतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. माझं अकराचं ॲव्हरेज ते हेच.

मग मिसिंग. एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल गेला की त्या सिलिंडरमधला ऑक्सिजन न जळता बाहेर येतो. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. तोही 'अळणी'च म्हणणार. प्लग चार वर्षं बदलले नसतील तर सेन्सरआधी ते बदला, ते कितीतरी स्वस्त पडतात.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) देतोय त्याचे, आकडे दिसत असतील तर फार मदत होते. दीर्घकालीन ट्रिम दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला तो अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल तर इनटेकमध्ये कुठेतरी रबरी नळी फाटली आहे. उलट आरपीएमबरोबर वाढत असेल तर फ्युएल फिल्टर किंवा पंप थकला आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे पूर्ण ज्वलनाला हवा कमी लागते आणि प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं. जुन्या गाडीचा ईसीयू ते पेट्रोल वाढवून भरून काढतो. म्हणजे ट्रिम थोडा अधिककडे झुकलेला दिसणारच. त्याला सेन्सरचा दोष म्हणू नका.

सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर इथे थोडं थांबा. किट बसवताना बऱ्याचदा सेन्सरच्या सिग्नल वायरला कट मारून जोड दिलेला असतो, वर काळी चिकटपट्टी. दोन पावसाळ्यांत त्या जोडाला हिरवा गंज येतो. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये तर सीएनजीवर चालताना ईसीयूला खोटा सिग्नल देणारा एम्युलेटर असतो. तो बिघडला की पेट्रोलवरही खोटंच सांगत राहतो. शिवाय सीएनजीचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर ईसीयू त्यानुसार आपला पेट्रोलचा हिशोबही बदलून बसतो. त्यामुळे सगळ्या तपासण्या गाडी तीसेक किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवूनच करा.

आणि उंदीर. हसू नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीत कुरतडलेली वायर सापडणं ही रोजची गोष्ट आहे. सेन्सरपासून कनेक्टरपर्यंतची वायर बोटांनी चाचपून बघा.

मल्टीमीटरने साक्ष काढा

साधा डिजिटल मल्टीमीटर चालतो. काटेवाला जुना मीटर नको, तो सिग्नलच खाऊन टाकतो.

आधी हीटर. गाडी बंद, कनेक्टर सुटा. सेन्सरच्या बाजूला एकाच रंगाच्या दोन वायर असतात, त्या हीटरच्या. त्यांच्यात ओहम मोजा. सेन्सर गार असताना साधारण ३ ते १५ ओहमच्या मधलं काहीतरी यायला हवं. मीटर 'ओपन' दाखवत असेल तर हीटर तुटला, आणि आता सेन्सर बदलायला कुणाची हरकत नाही. हीटर ठीक असेल तर इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर हीटरच्या पिनला बॅटरीचं व्होल्टेज येतं का बघा. येत नसेल तर फ्यूज, रिले, वायर.

मग सिग्नल. कनेक्टर जोडून ठेवा, मागून वायरच्या कडेने बारीक टाचणी सरकवून सिग्नल वायरला मीटर लावा. वायर सोलू नका. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून गरम करा, मग आरपीएम दोन-अडीच हजारावर धरा. आकडा ०.१ आणि ०.९ च्या मध्ये चपळपणे फिरला पाहिजे, दहा सेकंदांत कितीतरी वेळा. संथपणे ०.३ ते ०.६ एवढ्यातच घोटाळत असेल तर सेन्सर म्हातारा झाला. ०.४५ ला चिकटला असेल तर तो मेला तरी आहे किंवा त्याची वायर तुटली आहे. ०.१ वरच बसला असेल तर लगेच निकाल देऊ नका: एअर फिल्टरच्या नळीतून कार्बोरेटर क्लीनरचा छोटासा फवारा मारा. आकडा टुणकन वर गेला तर सेन्सर जिवंत आहे, आणि त्याचं 'अळणी' खरं आहे. चोर दुसरीकडे शोधा.

हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वयाचा अंदाज म्हणून: हीटर नसलेले एक-दोन वायरींचे जुने सेन्सर ५० ते ८० हजार किलोमीटरला थकतात, हीटरवाले लाखाच्या आसपास. ऑइल पिणाऱ्या गाडीत त्याआधीच.

कोणता घ्यायचा

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जात ओळखणं. वर सांगितलेला सेन्सर 'नॅरोबँड'. काही होंडा-टोयोटा गाड्यांत पुढच्या जागी 'एअर-फ्युएल रेशो सेन्सर' असतो. तो दिसायला सारखाच, आटेही तेच, पण काम करण्याची तऱ्हा वेगळी. किती खारट तेही सांगणारा. त्याच्या जागी नॅरोबँड लावला तर गाडी चालेल, धड चालणार नाही. त्यामुळे 'दिसतो तर सेम' या दुकानदाराच्या वाक्यावर विसंबू नका. जुन्या सेन्सरच्या षट्कोनावर किंवा वायरवर कोरलेला नंबर वाचा, पुसला असेल तर चेसिस नंबरवरून कंपनीच्या काउंटरला पार्ट नंबर काढून घ्या.

नंबर हातात आला की तीन वाटा. कंपनीच्या डब्यातला, महाग, पण डोकं शांत. दुसरी, जो मुळात सेन्सर बनवतो त्याच्याच डब्यातला: बॉश, डेन्सो, एनटीके. गाडीच्या कंपनीच्या डब्यात बहुधा यांचाच माल असतो. कनेक्टर तयार जोडलेला मिळत असेल तर मी डोळे झाकून हा घेतो. तिसरी वाट युनिव्हर्सल सेन्सर: चार मोकळ्या वायरी, कनेक्टर जुना कापून जोडायचा. पैसे वाचतात, चूक करायची सोय वाढते.

पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घातलात तर बिननावाचा सेन्सर फार स्वस्तात मिळेल. माझा अनुभव असा की तो पहिल्या दिवशी उत्तम चालतो. भंगारातल्या गाडीचा काढलेला तर मुळीच घेऊ नका. हा झिजणारा भाग आहे, कोणाची तरी वापरलेली स्पार्क प्लगची जोडी घेण्यासारखं ते.

युनिव्हर्सल घेतलाच तर रंग असे. बॉश आणि एनटीकेमध्ये सहसा दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थिंगची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी अर्थिंग. गोंधळ इथेच होतो: एकाचा काळा हीटर आणि दुसऱ्याचा काळा सिग्नल. काळ्याला काळा जोडून मोकळं झालात तर ईसीयूच्या सिग्नलच्या नाजूक वाटेवर बॅटरीचे बारा व्होल्ट जातील. हीटरच्या दोन वायरी आपसात उलटसुलट चालतात, बाकीच्या नाही.

जोड क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, सोल्डर नको. कारण गमतीचं आहे: अनेक सेन्सरांना टोपीच्या आतली ताजी हवा वायरच्या तारांमधूनच मिळते. सोल्डरने ती वाट बुजते. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरू नका. चारही जोड एकाच ठिकाणी आणू नका, मागेपुढे ठेवा आणि प्रत्येकावर हीट श्रिंक नळी चढवा.

काढणं

इंजिन कोमट हवं. दहा मिनिटं चालवून बंद करा, मग हात लावता येईल इतपत निवू द्या. पूर्ण गार झालेल्या मॅनिफोल्डमधून सेन्सर सुटत नाही आणि गरममधून सोडवायला गेलात तर कातडी सुटते. बॅटरीची निगेटिव्ह काढा. खालून काम असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या लावा.

पाना २२ मिमीचा. बाजारात याचा खास सॉकेट मिळतो, एका बाजूने उभी खाच असलेला, वायर बाहेर येण्यासाठी. जुना सेन्सर जाणारच असेल आणि कनेक्टर परत लागणार नसेल तर वायर कापून सरळ रिंग पाना लावा. त्याची पकड सॉकेटपेक्षा चांगली बसते. उघड्या तोंडाच्या पान्याने षट्कोन गोल होतो, तो मोह टाळा.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातली किंवा समुद्राकाठची गाडी असेल तर दोन रात्री. सुटत नसेल तर आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने झटका द्या, मग उलट. करकर आवाज येऊन अडला तर जोर न लावता पुन्हा आत फिरवा, तेल मारा, पुन्हा बाहेर. घाई केली की मॅनिफोल्डमधले आटे सेन्सरबरोबर बाहेर येतात. तसं झालंच तर १८ मिमी, दीड पिचचा टॅप फिरवून आटे साफ करता येतात, पण ते काम पहिल्यांदाच करत असाल तर लेथवाल्याकडे जा.

निघालेल्या सेन्सरचं टोक बघायला विसरू नका. करडं-तपकिरी असेल तर वयाने गेला. काळी कोरडी काजळी असेल तर गाडी पेट्रोल जास्त पीत होती: इंजेक्टर, फ्युएल प्रेशर, एअर फिल्टर बघा. ओलसर काळपट असेल तर ऑइल जळतंय. पांढरट थर असेल तर कुलंट इंजिनमध्ये शिरतंय किंवा कुणीतरी चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलंय. टपेट कव्हरला लावलेल्या साध्या सीलंटची वाफ इंजिनात ओढली जाऊन सेन्सरवर बसते. कारण तसंच ठेवून नवा लावलात तर नव्याचीही तीच गत होणार.

बसवणं

नवा सेन्सर हातातून पडला तर तो नवा राहिला नाही असंच धरा. आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काही दिसत नाही. आट्यांना बहुतेक वेळा कारखान्यातूनच करडी किंवा तांबूस पेस्ट लावलेली असते. नसेल तर तांब्याची किंवा निकेलची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, पुसटशी. टोकाच्या जाळीवर बोटही लावू नका. साधं ग्रीस अजिबात नको.

हाताने शेवटपर्यंत फिरवा. सुरुवातीलाच अडत असेल तर आटे तिरपे लागलेत, काढून पुन्हा लावा. मग टॉर्क रेंच असेल तर ४० ते ५० न्यूटन-मीटर. वायर मूळ क्लिपमध्येच अडकवा, धुराच्या पाइपापासून दूर. एका ओळखीच्यांनी ती क्लिप 'नंतर बघू' म्हणून सोडली. महिन्याभरात वायर पाइपाला टेकून वितळली, फ्यूज गेला, आणि ते पुन्हा सेन्सरलाच शिव्या देत आले.

नंतर

बॅटरी जोडा, कोड पुसा. काही गाड्यांचा टेप बॅटरी काढल्यावर पासवर्ड मागतो, तो आधीच शोधून ठेवलेला बरा. जुने शिकलेले हिशोब पुसले गेल्यामुळे पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं डगमगेल. वीस-पंचवीस किलोमीटर, काही शहरात आणि काही मोकळ्या रस्त्यावर, चालवा. मग मीटर किंवा स्कॅनर लावून तीच 'खारट-अळणी' ची उडी पुन्हा बघा. ॲव्हरेजचा निकाल एका टाकीवर देऊ नका, टाकी फुल टू फुल किमान दोनदा मोजा.

पीयूसी काढायची वेळ जवळ असेल तर सेन्सर बदलल्यावरच काढा, आणि कागदावरचे आकडे वाचा. बीएस-४ गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि अडीच हजार आरपीएमवर लॅम्डा (प्रत्यक्ष हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो. लॅम्डा १ च्या अगदी जवळ आला तर तुमचा सेन्सर आणि ईसीयू एकमेकांशी नीट बोलताहेत. १.०३ च्या वर गेला, तर पहिल्या प्रकरणातलं मॅनिफोल्डचं गॅस्केट आठवा आणि उद्या सकाळी गाडी गार असताना पुन्हा कान द्या.